ब्रंटींचा थोरला

१८३१ च्या जानेवारीत यॉर्कशरमधल्या मिरफील्डजवळ, रो हेड नावाच्या शाळेच्या दारात छप्पर घातलेली एक गाडी थांबली आणि चौदा वर्षांची मुलगी खाली उतरली. थंडीने काकडलेली, अंगावर जुन्या वळणाचे कपडे, नजर इतकी अधू की पुस्तक नाकाला टेकवल्याशिवाय अक्षर दिसायचं नाही. शाळेतली तिची मैत्रीण मेरी टेलर हिने पुढे कितीतरी वर्षांनी ही आठवण लिहून काढली आणि त्यात एक गोष्ट आवर्जून सांगितली. ही मुलगी बोलायची ती ठसठशीत आयरिश हेल काढून.

मुलीचं नाव शार्लट ब्राँटी, पुढे 'जेन एअर' ही कादंबरी लिहिणारी. जन्म यॉर्कशरमधल्या थॉर्नटनचा, आई कॉर्नवॉलची. आयर्लंडचा किनारासुद्धा तिने तोवर पाहिलेला नव्हता. घरात तो हेल असलेलं माणूस एकच होतं, तिचे वडील.

आता तेवीस वर्षं पुढे येऊ. १८५४ च्या जुलैमध्ये, नुकतं लग्न झालेली शार्लट नवऱ्याबरोबर आयर्लंडला गेली. नवराही आयरिश. बॅनाहर या गावी त्याच्या नातेवाइकांच्या घरून तिने रो हेडच्या आपल्या जुन्या बाईंना पत्र लिहिलं. या घरातली इंग्रजी टापटीप आणि शांतपणा पाहून मी चकित झाले, असं तिने त्यात म्हटलं. आयरिश लोकांच्या गबाळेपणाबद्दल ती तोवर बरंच काही ऐकून होती. कुणाकडून ऐकलं होतं? शाळेत, वर्तमानपत्रांत, ती वाढली त्या हॉवर्थ गावच्या बाजारात, की आयरिश बापाच्या घरातच?

मी ब्रॅडफर्डला राहते. थॉर्नटन आमच्या इथून बसने चढ चढून गेलं की येतं. माझी लेक इथेच जन्मली. लहान होती तेव्हा तिच्या इंग्रजीत माझा हेल होता. मूळचा मालवणकडचा, मुंबईत थोडा घासून निघालेला, पण लपत नाही असा. बालवाडीच्या बाईंनी तो हसून मला सांगितला होता. शाळेत ती रुळत गेली तसा तो विरला, आणि नेमका कधी गेला ते मलाही कळलं नाही. म्हणून मेरी टेलरची ती ओळ वाचली तेव्हा मी शार्लट आणि तिच्या बहिणी एमिली, अॅन या तीन लेखिका मुलींना जरा बाजूला ठेवलं आणि त्यांच्या वडिलांकडे वळले.

आपल्याकडे इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए., एम.ए. केलेल्यांना पॅट्रिक ब्राँटी ठाऊक असतात ते तऱ्हेवाईक बाप म्हणून. एकटे जेवणारे, सकाळी खिडकीतून पिस्तूल झाडणारे, मुलांना माळरानावर मोकाट सोडून देणारे. मला ते आधी दिसतात ते घर सोडून आलेला माणूस म्हणून. तसं पाहिलं की त्यांच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

पॅट्रिकचा जन्म १७ मार्च १७७७ चा, म्हणजे ऐन सेंट पॅट्रिकच्या सणाचा. नाव त्या दिवसावरूनच पडलं. गाव एमडेल, आयर्लंडच्या उत्तरेला काउंटी डाऊनमध्ये, ड्रमबॅलीरोनी परगण्यात. गवताने शाकारलेलं दोन खोल्यांचं घर. आज त्याच्या भिंतींचे अवशेष जपून ठेवले आहेत. वडील ह्यू ब्रंटी, आई एलेनर मॅक्लोरी. दहा भावंडांत हा थोरला. आई जन्माने कॅथलिक आणि वडील प्रोटेस्टंट, दोघांनी पळून जाऊन लग्न केलं, असं तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

ह्यूबद्दल तर याहून अद्भुत गोष्टी आहेत. तो गोष्टी सांगण्यात पटाईत म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध होता, आणि त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट त्याच्या स्वतःच्या घराण्याची होती. कुणा पूर्वजाला लिव्हरपूलहून येणाऱ्या जहाजावर एक बेवारस, काळासावळा पोर सापडतो, घरात वाढतो, मोठा होऊन घरच्यांच्याच मानेवर बसतो आणि जमीन बळकावतो. १८९३ मध्ये एका पाद्र्याने ही हकिगत छापली आणि लगेच तिच्यावर वादही झाले. ती खरी धरायला काही आधार नाही. पण एमिलीच्या कादंबरीतला, लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेला हीथक्लिफ ज्यांनी वाचला आहे त्यांना ती ऐकून दचकायला होतंच. पॅट्रिकने स्वतः म्हातारपणी एवढंच लिहून दिलं, की माझे वडील दक्षिण आयर्लंडचे, लहानपणी पोरके झालेले, आणि ते जुन्या घराण्यातले होते असं म्हणत. हे 'असं म्हणत' किती जपून लिहिलंय पाहा. आजोबांच्या पलीकडे कुणालाच धड काही माहीत नसलेलं हे घराणं आहे.

नोंदी शोधायला जावं तर तिथेही हाती फार लागत नाही. भावंडांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत आडनाव लिहिणाऱ्याच्या कानाला जसं पडलं तसं उतरलंय, कुठे ब्रंटी तर कुठे आणखी काही. पुढे १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दप्तरखान्याला आग लागली आणि आयर्लंडच्या कितीतरी गावांचे कागद एका दिवसात गेले. इंग्लंडच्या बाजूचे कागद शाबूत आहेत, पण त्यांना या माणसांच्या गावाशी काही देणंघेणं नव्हतं. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसापुढे 'आय' हे एक अक्षर घातलं की काम झालं. गाव नाही, तालुका नाही.

पोरगा लोहाराकडे उमेदवारीला होता, मग विणकराकडे. डाऊन हा तागाच्या कापडाचा मुलूख, घरोघरी माग. मागावर बसून तो पुस्तक वाचायचा असं सांगतात. सोळाव्या वर्षी तो शाळामास्तर झाला आणि पुढे ड्रमबॅलीरोनीच्या टाय नावाच्या पाद्र्यांनी त्याला आपल्या मुलांना शिकवायला ठेवलं. हे टाय केंब्रिजमध्ये शिकलेले, मनाने मोठे. त्यांनी या मुलात काहीतरी पाहिलं. दरम्यान आयर्लंडमध्ये इंग्रजी सत्तेविरुद्ध १७९८ चं बंड झालं. पॅट्रिकचा धाकटा भाऊ विल्यम बंडखोरांच्या बाजूने बॅलीनाहिंचला लढला आणि जीव वाचवून पळाला अशी घरची आठवण आहे. १८०१ मध्ये आयर्लंडची स्वतंत्र संसद संपली आणि ते राज्य ब्रिटनला जोडलं गेलं. त्याच्या पुढच्याच वर्षी थोरल्याने समुद्र ओलांडला.

केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजमध्ये पंचवीस वर्षांचा हा विद्यार्थी आला तेव्हा वहीत त्याचं नाव कारकुनाने 'ब्रँटी' असं लिहिलं. उच्चार ऐकून लिहिलं असणार. दोन दिवसांनी पॅट्रिकने जाऊन ते दुरुस्त करून घेतलं, आणि दुरुस्त करताना ब्रंटीही केलं नाही, ब्राँटी केलं. नेपल्सच्या राजाने १७९९ मध्ये अॅडमिरल नेल्सनला ड्यूक ऑफ ब्राँटी केलं होतं, त्यावरून हे सुचलं असावं असा अंदाज आहे. शेवटच्या अक्षरावरचे दोन टिंब हळूहळू पक्के झाले. या टिंबांची एक अलीकडची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत तिघी बहिणींच्या नावाचा दगड १९३९ मध्ये बसला, त्यावर टिंबं कोरायची राहिली होती. ती सप्टेंबर २०२४ मध्ये कोरली गेली. बापाने स्वतःच्या हाताने घडवलेलं नाव पुरतं लिहिलं जायला पंच्याऐंशी वर्षं लागली!

नाव बदलणाऱ्या माणसाला आपण पटकन नावं ठेवतो. मुळाची लाज वाटली, म्हणतो. मला तसं म्हणवत नाही. फळ्यावर, हजेरीपटावर, दवाखान्याच्या खिडकीत स्वतःचं नाव रोज नव्याने मोडताना ऐकणं काय असतं ते मला माहीत आहे. लोकांना उच्चारता येईल आणि त्यांनी मानानं घ्यावं असं नाव त्याने घेतलं, आणि मग आयुष्यभर ते निभावलं.

पैशाचं मात्र अवघड होतं. कॉलेजात तो 'सायझर' होता, म्हणजे फी माफक असलेला गरीब विद्यार्थी. त्याची हकिगत आपल्याला कळते ती हेन्री मार्टिन या त्याच कॉलेजच्या फेलोने १८०४ मध्ये लिहिलेल्या पत्रावरून. सात पौंड घेऊन हा तरुण आयर्लंडमधून निघाला, कित्येक वर्षं शाळा चालवून एवढीच शिल्लक पडली होती. ते संपायच्या आत केंब्रिजला पोचला. मग एका दूरच्या स्नेह्याकडून अचानक पाच पौंड आले आणि त्यावर काही आठवडे काढले. मार्टिनने हे पत्र लिहिलं ते विल्यम विल्बरफोर्स यांना, गुलामांचा व्यापार बंद व्हावा म्हणून पार्लमेंटात झगडणारे तेच विल्बरफोर्स. त्यांनी आणि हेन्री थॉर्नटन यांनी वर्षाला दहा-दहा पौंड द्यायचं कबूल केलं. हा मार्टिन पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री होऊन बंगालला गेला, कानपूरला राहिला, बायबलचं उर्दू-फारसी करत बसला आणि १८११ मध्ये मुंबई बंदरातून जहाजाने इराणकडे निघून गेला. आपल्या मुंबईच्या धक्क्यावर उभा राहिलेला हा माणूस सात वर्षांपूर्वी एका आयरिश पोराच्या फीसाठी पत्रं लिहीत होता, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.

पॅट्रिक कॉलेजात शेवटपर्यंत पहिल्या वर्गात राहिला. बक्षीस मिळालेल्या होमर आणि होरेसच्या प्रती त्याने जन्मभर सांभाळल्या. नेहमी पहिल्या वर्गात राहिल्याबद्दल मिळालेलं माझं बक्षिसाचं पुस्तक, असं आत स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय. 'नेहमी' हा शब्द लिहिताना त्या विणकराच्या हाताला काय वाटलं असेल!

१८०६ मध्ये तो पदवीधर झाला आणि दीक्षा घेऊन पाद्री झाला. (आता त्यांना अहोजाहो करायला हवं.) त्याच सुमाराला ते एकदा घरी जाऊन आले, ड्रमबॅलीरोनीच्या देवळात त्यांनी प्रवचन केलं आणि सगळा गाव ऐकायला लोटला, असं सांगतात. नंतर ते आयर्लंडला परत गेले नाहीत. पंचावन्न वर्षं.

आईला पैसे मात्र जात राहिले. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते. त्यांची मनीऑर्डर आली की आमच्या घरी आजी कुपनावरच्या दोन ओळी पोस्टमनकडून दोनदा वाचून घ्यायची. थोरला शहरात, पैसे गावात, आणि येणं पुढच्या शिमग्याला, मग त्याच्या पुढच्या. ब्रंटींच्या घरात याहून वेगळं काय असणार? चाकरमान्याला निदान शिमगा होता. आयरिश समुद्र ओलांडायला तेव्हा फार दिवस लागत नसत, पण एका गावच्या उपपाद्र्याला रजा, भाडं आणि मागे राहिलेलं काम यांचा मेळ घालता घालता वर्ष निघून जातं, आणि वर्षं अशीच साठत जातात.

एसेक्स, श्रॉपशर असं करत ते यॉर्कशरला आले. हार्ट्सहेडला असताना, १८१२ च्या एप्रिलमध्ये, जवळच्या रॉफोल्ड्‌स गिरणीवर कामगारांनी रात्री हल्ला केला. नवी यंत्रं हातची कामं खाऊ लागली म्हणून ती फोडत फिरणारे हे लडाइट लोक. पॅट्रिक यांनी तेव्हापासून जवळ भरलेलं पिस्तूल ठेवायला सुरुवात केली. तेव्हाच्या पिस्तुलातली गोळी काढायची म्हणजे झाडायचीच. म्हणून सकाळची ती खिडकीतली गोळी. चरित्रकारांना यात विक्षिप्तपणा दिसला. मला त्यात १७९८ पाहिलेला माणूस दिसतो, ज्याच्या मुलखात शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची घरं जाळली होती. तरी हाच माणूस, मेलेल्या लडाइटांना रात्री चोरून देवळाच्या आवारात पुरताना बघूनही काही बोलला नाही, अशी तिकडे आठवण आहे.

त्याच वर्षाच्या शेवटी, २९ डिसेंबरला, मारिया ब्रॅनवेलशी त्यांचं लग्न झालं. ती कॉर्नवॉलच्या पेन्झान्सची, नातेवाइकांच्या शाळेत मदत करायला उत्तरेला आलेली. म्हणजे तीही घरापासून लांबच. तिची लग्नाआधीची पत्रं उरली आहेत, त्यातल्या एकात ती त्यांना 'माझ्या वात्रट पॅट' म्हणते. एरवी पांढरा गळपट्टा गळ्याभोवती उंच गुंडाळलेल्या त्यांच्या करड्या फोटोवरून हे सुचणारही नाही. थॉर्नटनच्या मार्केट स्ट्रीटवरच्या लहानशा घरात शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि अॅन जन्मली. १८१८ मध्ये पॅट्रिक यांनी आयर्लंडमध्ये घडणारी एक छोटी कादंबरीही छापली. बाहेरच्या जगात ते यॉर्कशरचे पाद्री होते, टेबलाशी बसले की किलार्नीला जात.

१८२० मध्ये कुटुंब हॉवर्थला आलं. दीड वर्षात मारिया कॅन्सरने गेली. पदरात सहा मुलं, थोरली सात वर्षांची. चार वर्षांनी थोरल्या दोघी, मारिया आणि एलिझाबेथ, पाद्र्यांच्या मुलींच्या शाळेतून क्षय घेऊन परत आल्या आणि १८२५ च्या मे-जूनमध्ये सहा आठवड्यांच्या आत दोघी गेल्या. पेन्झान्सहून आलेली मावशी मुलांसाठी कायमची राहिली. वडिलांनी बाकीच्यांना घरीच शिकवलं. वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, पार्लमेंटातल्या भाषणांवर मुलांशी बरोबरीने वाद घालायचा, आणि सकाळी न्याहारीला गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या अंगावर काटा आणणाऱ्या हकिगती सांगायच्या. शार्लटची मैत्रीण एलन नसी हिने त्या ऐकून धसका घेतला होता. ह्यू ब्रंटीचं गोष्टी सांगणं इथवर आलं होतं. गोष्टी हॉवर्थच्या, सांगण्याची धाटणी डाऊनची.

या घराबाहेर आयरिश असणं म्हणजे काय होतं ते हॉवर्थच्या चढावर एका निवडणुकीत दिसलं. पॅट्रिक सभेत बोलायला उभे राहिले, लोकांनी गलका करून त्यांना बोलू दिलं नाही. त्यांचा मुलगा ब्रॅनवेल पुढे झाला आणि ओरडला, माझ्या वडिलांना बोलू देणार नसाल तर तुम्हालाही बोलू देणार नाही. थोड्या वेळाने त्याला रस्त्यात स्वतःचा पुतळा जळताना दिसला. पुतळ्याच्या एका हातात हेरिंग मासा होता, दुसऱ्या हातात बटाटा, म्हणजे आयरिश गरिबांचं खाणं. ब्रॅनवेल यॉर्कशरमध्ये जन्मलेला, गावातल्या पोरांत वाढलेला, त्याच देवळातल्या ऑर्गनवर बोटं फिरवणारा. भांडण निवडणुकीचं, आणि हाताशी आलं ते बापाचं गाव.

एवढं झाल्यावर मुलं काय शिकणार? हेल सोडायला. शार्लटने तो सोडला. तिच्या एका कादंबरीत आयरिश उपपाद्र्याची टिंगल आहे. त्यातच भर म्हणून १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजू लागलं आणि दुष्काळातून निसटलेली माणसं लिव्हरपूलला उतरून लँकेशर-यॉर्कशरच्या गिरण्यांकडे चालू लागली. १८५१ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये आयर्लंडात जन्मलेली सुमारे पाच लाख वीस हजार माणसं होती. ब्रॅडफर्डला ती लोकर विंचरायच्या कामाला लागली, तळघरांत दाटीवाटीने राहिली, आणि 'आयरिश' म्हटलं की लोकांना ती तळघरं आठवू लागली. केंब्रिजचा पदवीधर पॅट्रिक आणि तळघरातला तो कामगार यांच्यात अंतर राखणं ही घरातल्या प्रत्येकाचीच गरज झाली असणार. गबाळेपणाबद्दलचं ते वाक्य तिथून आलं, असं मला वाटतं. मी त्यासाठी शार्लटवर रागावू शकत नाही. माझ्या लेकीने तिच्या मैत्रिणींसमोर मला हळू आवाजात सांगितलं होतं, आई, तू नको बोलूस, मी बोलते.

पॅट्रिक स्वतः या बाबतीत सरळ रेषेत बसत नाहीत. ते परंपरावादी टोरी पक्षाचे कट्टर पाठीराखे, पण कॅथलिकांना नागरी हक्क द्यावेत म्हणून १८२९ मध्ये वर्तमानपत्रात पत्रं लिहिली. गरिबांना कामघरात कोंडणाऱ्या नव्या कायद्याविरुद्ध १८३७ मध्ये हॉवर्थला सभा भरवली. गावात लहान मुलं पटापट मरत होती. देवळाचं कबरस्तान वरच्या अंगाला आणि पिण्याचं पाणी खाली. त्यांनी सरकारी आरोग्य मंडळाकडे अर्जांचा पिच्छा पुरवला आणि १८५० मध्ये बॅबेज नावाचा अधिकारी येऊन पाहून गेला. त्याचा अहवाल थंडपणे वाचवत नाही. हॉवर्थमध्ये मरणाऱ्यांचं सरासरी वय २५.८ वर्षं. शंभरातली एक्केचाळीसहून जास्त मुलं सहा वर्षांची व्हायच्या आत गेलेली. मी हॉवर्थला जाते तेव्हा ते आवार बघते. थडग्यांच्या फरश्या एकमेकींना चिकटून आडव्या पसरलेल्या आहेत, मधे गवताला जागा नाही. बॅबेजने नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. या प्रत्येक फरशीसमोर एक आयरिश माणूस पुस्तक उघडून उभा होता.

मग त्यांच्या स्वतःच्या घरची रांग लागली. ब्रॅनवेल २४ सप्टेंबर १८४८ ला. एमिली त्याच वर्षी १९ डिसेंबरला. अॅन २८ मे १८४९ ला, समुद्राच्या हवेसाठी नेलेल्या स्कारबरोला; ती तिथेच आहे.

मागे एकदा, १८४६ च्या ऑगस्टमध्ये, मोतीबिंदूने जवळजवळ आंधळे झालेल्या वडिलांना शार्लटने मँचेस्टरला नेलं होतं. भूल देण्याची सोय अजून यायची होती. एकोणसत्तर वर्षांच्या त्या माणसाच्या डोळ्यातून शुद्धीवर असताना भिंग काढलं गेलं, पंधरा मिनिटं, आणि ते हलले नाहीत. मग कित्येक दिवस अंधाऱ्या खोलीत उताणं पडून राहायचं. शेजारच्या खोलीत बसून शार्लटने जेन एअर लिहायला घेतली. या महिनाभरात बापलेक काय बोलले असतील, हे मला दुसऱ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त ऐकायला आवडलं असतं.

१८५२ च्या डिसेंबरमध्ये आर्थर बेल निकल्स यांनी शार्लटला मागणी घातली. हे पॅट्रिक यांचेच उपपाद्री, उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेले, बॅनाहरला काकांकडे वाढलेले, डब्लिनला शिकलेले. पॅट्रिक यांचा पारा असा चढला की कपाळाच्या शिरा दोरीसारख्या तटतटल्या, असं शार्लटने लिहिलंय. गरीब उपपाद्री, त्याची ही हिंमत! मला यात पगाराच्या आकड्याच्या खाली दुसरं काही दिसतं. सात पौंडांवर निघालेल्या माणसाने लेकीला जिथवर आणून पोचवलं होतं, तिथून तिने परत एका सात पौंडवाल्याच्या घरी जायचं? लग्न झालं, पण २९ जून १८५४ च्या सकाळी वडील देवळात गेले नाहीत. शाळेच्या जुन्या बाईंनी मुलीचा हात दिला. नवरा-नवरी डब्लिन, बॅनाहर, किलार्नी फिरले. काउंटी डाऊनला, आत्या-काकांकडे, गेले नाहीत. ३१ मार्च १८५५ ला शार्लट गेली, पोटात मूल होतं.

दोन वर्षांनी कादंबरीकार मिसेस गॅस्केल यांनी लिहिलेलं तिचं चरित्र आलं. ते पॅट्रिक यांनीच त्यांना लिहायला सांगितलं होतं. त्यात बायकोचा रेशमी झगा कापणारा, मुलांचे बूट जाळणारा बाप होता. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने कांगावा केला नाही. चुका तेवढ्या दाखवल्या आणि गॅस्केलबाईंना लिहिलं, की मी शांत, बेताच्या माणसांतला असतो तर आज आहे तसा नसतो, आणि बहुधा मला अशी मुलंही झाली नसती. पुढच्या आवृत्तीतून त्या गोष्टी गळल्या, लोकांच्या डोक्यातून मात्र गेल्या नाहीत.

शेवटची सहा वर्षं ते आणि जावई, दोघंच त्या घरात राहिले. ज्याला दारात उभं करायचं नव्हतं त्यानेच म्हातारपण सांभाळलं. ७ जून १८६१ ला, चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन पॅट्रिक गेले. घर देवळाच्या नोकरीचं होतं, एक्केचाळीस वर्षं राहूनही त्यातली एक वीट त्यांची नव्हती. विश्वस्तांनी निकल्स यांना ती जागा दिली नाही; ऑक्टोबरमध्ये घरातलं सामान लिलावात निघालं. निकल्स शार्लटचे कपडे, कागद आणि सासऱ्यांचा कुत्रा घेऊन बॅनाहरला परतले. ब्रॅनवेलने काढलेलं तिघी बहिणींचं एकत्र चित्र तिथे कपाटाच्या माथ्यावर घडी घालून पडलं होतं. ते १९१४ मध्ये, निकल्स वारल्यानंतर सात वर्षांनी, त्यांच्या दुसऱ्या पत्नीला सापडलं आणि आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. घड्यांच्या रेषा चेहऱ्यांवरून गेलेल्या स्पष्ट दिसतात. इंग्लंडच्या या तीन मुली अर्धशतकभर आयर्लंडच्या एका घरात सांभाळल्या गेल्या होत्या.

हॉवर्थच्या त्या घरात १९२८ पासून संग्रहालय आहे. जिन्यात उंच घड्याळ उभं आहे. रात्री नऊ वाजता वर झोपायला जाताना पॅट्रिक त्याला किल्ली द्यायला थांबत. खाली चष्मा, भिंग, त्या मुलींचे बोटभर आकाराचे हस्तलिखित अंक. बघणारे बहुतेक मुलींसाठी आलेले असतात, आणि ते योग्यच आहे.

माझ्या हाती असतं तर दारातच मी एक कागद लावला असता. जून १८५५ चं, शार्लटला जाऊन तीन महिने होत नाहीत तोवर केलेलं पॅट्रिक यांचं मृत्युपत्र. सहापैकी एकही मूल उरलं नव्हतं. उरलेलं सगळं त्यांनी 'प्रिय आणि आदरणीय' जावयाच्या नावे केलं, घरच्या नोकर मुलीला, मार्थाला, तीस पौंड ठेवले. आणि चाळीस पौंड भाऊ ह्यूच्या हाती द्यायला सांगितले, सगळ्या भावाबहिणींत सारखे वाटून घ्यायला. त्यांना मी यापूर्वीही बऱ्याच रकमा दिल्या आहेत, हेही तिथे नोंदवलं. एकोणपन्नास वर्षं ज्यांची तोंडं पाहिली नव्हती त्यांचा वाटा थोरल्याने काढून ठेवला होता.